चार ढिगांची एकच जाळी

बाबा, आज जोहडावर जाऊन आले. इकडे खेड्यातल्या तळ्याला जोहड म्हणतात, हे तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतंत. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुमची आठवण आली की बरंच वाटत आलं. आज पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं तुम्ही हे बघायला नाही.

करोल बागेतल्या आपल्या स्वयंपाकघरात पावसाळाभर माठाची भाजी असायची आणि ती तुमच्या बांधकामाच्या साइटवरून यायची. पाया खणून निघालेल्या मातीच्या ढिगावर तुम्ही मूठ-मूठ माठाचं बी फेकायचात, पायथ्याशी वाळूची पोती लावायचात. तसं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. हाताखालचे लोक हसायचे, "साहब, सब्ज़ी बेचेंगे क्या?" आई कुरकुरायची, की लोकांचे नवरे येताना मिठाई आणतात. एका रविवारी तुम्ही मला सोबत नेलंत. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आईला खूश करायचं म्हणून मी भराभर माठ उपटतेय, फ्रॉकची ओटी भरतेय, आणि तुम्ही कधी नव्हे ते माझ्यावर ओरडताय. "खुडायचा! मुळं कशाला उपटतेस? तीच माती धरून ठेवतात. उद्या पाऊस आला की हे सगळं नाल्यात, आणि तिथून यमुनेत." मी रडायला लागले. तुम्ही त्या उघड्या जागेवर पुन्हा बी टाकायला लावलंत, माझ्याच हाताने.

आता सगळं लेखी आहे, बाबा. नोएडाच्या पुढे आमचे टॉवर उभे राहताहेत. तिथे मातीचे ढीग झाकायचे, उताराच्या बाजूला गाळ बसण्यासाठी खड्डा ठेवायचा, मातकट पाणी जोहडात जाऊ द्यायचं नाही, असे छापील नियम आहेत. ते पाळले जातात की नाही हे तपासून सही करायची, ही माझी नोकरी. पण मी ऑफिसात एसीत बसते. साइटवरचा सुपरवायझर फोटो पाठवतो, ते बघून मी सही करते. या पावसाआधी त्याने चार फोटो पाठवले, चार ढिगांवर हिरवी जाळी. चारही फोटोंत जाळी एकाच कोपऱ्यात फाटलेली आणि तिथे निळ्या दोरीने बांधलेली. एकच जाळी या ढिगावरून त्या ढिगावर फिरवली होती. मला ते लगेच कळलं, थोडं हसूही आलं. मीटिंगला उशीर होत होता. मी सही केली.

मग दोन दिवस पाऊस कोसळला आणि तीन उघडे ढीग जोहडात उतरले. चौकशी लागली. सुपरवायझरला तडकाफडकी काढून टाकलं. काल त्याचा फोन आला, "मॅडम, आपने तो फोटो देखे थे ना?" मी म्हटलं, "देखे थे. मुझे तो ठीक ही लगे." "अच्छा मॅडम" म्हणून त्याने फोन ठेवला. त्याने फसवलं हे खरंच आहे. पण महिन्यापूर्वी त्याने आणखी तीन जाळ्या मागितल्या होत्या, आणि तो मेल मी पुढे पाठवलाच नव्हता.

रात्रभर झोप लागली नाही, म्हणून सकाळी जोहडावर गेले. पाणी कुठलं, काठापर्यंत नुसता पिवळा चिखल. एक म्हातारी दोन म्हशी घेऊन उभी होती. म्हणाली, "देख बेटी, मुँह भी नहीं लगा रहीं." त्या म्हशी चिखल हुंगून मान फिरवत होत्या. मी कोण हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लाज वाटली, बाबा. फार लाज वाटली.

उद्या चौकशीत माझं म्हणणं लेखी द्यायचं आहे. तेच लिहायला बसले होते आणि तुम्हाला लिहीत सुटले, कारण तुम्ही आता ओरडू शकत नाही. त्या दुसऱ्या कागदावर एकच वाक्य झालंय: फोटोंमध्ये काहीही गैर आढळले नाही. ते मी अजून खोडलेलं नाही.