शेपूची भाजी शेजारणीने शिजवली

॥ श्री ॥
सिन्नर,
१९ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप ताईस,
पुंजारामचा सा. न. वि. वि.

रविवारच्या घोटाळ्याची खरी किंमत काल मांडून पाहिली. रुग्णालयानं काही घेतलं नाही, गाडीवाल्यांनी चहासुद्धा घेतला नाही. म्हणजे खर्च सगळा घरातला : तुझी भाकरी तव्यावर कोळसा झाली, शेजारच्या चिमणाबाईला शिळ्या फराळानंतर ताजा विषय मिळाला, आणि तू दोन दिवस माझा फोन उचलला नाहीस. यातलं शेवटचं सर्वांत महाग पडलं, म्हणून हे पत्र. तसंही दाजी तोफखान्यात होते तेव्हापासून तुला पत्राची सवय. फोनवर तू निरोप देतेस, बोलतेस ते कागदावरच.

आता माझी बाजू ऐक. नेहमीसारखा रविवारी फोन केला, तर तुझा आवाज जड आणि बोबडा. काय होतंय विचारलं तर काहीतरी पुटपुटून फोन ठेवलास. सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, रक्तदाबाची गोळी विसरणारी बहीण असं बोलली तर भावानं काय समजावं? तुझे दात वाटीत भिजत पडलेत हे देवळाली कॅम्पातलं दृश्य सिन्नरहून कसं दिसणार? मी सरळ रुग्णालयाच्या त्या गाडीला फोन लावला.

ती गाडी तुला ठाऊक आहेच, तिची बॉडी आपल्याच शेडमध्ये बांधली. आत डोक्याचा स्कॅन करायचं यंत्र आहे. पक्षाघातात मेंदूतली नस गुठळीनं तुंबली की फुटली, हे स्कॅनशिवाय कळत नाही, आणि एकीचं औषध दुसरीला मारक. रुग्णालय गाठेपर्यंत मेंदू वाया जातो, म्हणून स्कॅनच रोग्याकडे निघतो. यंत्र बसवताना डॉक्टरांनी समजावलं होतं, ते डोक्यात राहिलं.

तेव्हा मी चुकलो असेन, माझे कान चुकलेले नाहीत. आवाज बदलला होता, हे तर खरं? मी वेल्डिंग शिकलो तेच कानांनी. टाका पक्का बसत असला की भजी तळल्यासारखा एकसारखा आवाज येतो, कच्चा असला की फटफट उडतो. आजही ऑफिसात बसून पोरांचे कच्चे टाके मी ऐकतो. घरी नवसा स्वयंपाकघरात कोणता डबा उघडते, ते बाहेरच्या खुर्चीवरून सांगतो. माझ्या कानांतून काही सुटत नाही, ताई.

राग असू दे, पण लोभ त्याच्याहून थोडा जास्त असू दे.

तुझा,
पुंजाराम

*

देवळाली कॅम्प,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. पुंजारामास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र चिमणाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊ असावा तर असा, दात विसरले तर गाडी पाठवणारा. चष्मा विसरला तर हेलिकॉप्टर येईल का, असंही विचारून गेली.

अरे, तुला कल्पना नाही माझं काय झालं. मी चुलीपुढून, नाही, गॅसपुढून उठते तोच दारात ती मोठी पांढरी गाडी. त्यातून रोहिणी नावाची सिस्टर उतरली आणि मला म्हणाली की आजी, हसून दाखवा. सगळी गल्ली जमलेली आणि मी बिनदाताची! मी म्हटलं, मरेन पण हसणार नाही. मग दोन्ही हात वर करायला लावले. हातात उलथनं होतं, ते पण वर गेलं. शेवटी वाटी दाखवली तेव्हा गाडीतला डॉक्टरसुद्धा तोंड फिरवून हसला.

पण पोरगी गुणाची. मी तुझ्या वतीनं माफी मागितली तर म्हणाली, दहा वेळा फुकट आलो तरी चालेल आजी, अकराव्या वेळी उशिरा नको. आणि जाता जाता आम्हा बायकांना शिकवून गेली. तोंड वाकडं होतंय का ते हसवून बघायचं, दोन्ही हात वर धरले की एक खाली पडतो का बघायचं, आणि एक वाक्य म्हणवून घ्यायचं. वाक्य आम्हीच जुळवलं, "शेपूची भाजी शेजारणीने शिजवली." आता रोज सकाळी नळावर आमच्या गल्लीत हात वर, हसणं आणि शेपू चालतं. बघणाऱ्याला वाटतं म्हाताऱ्या बिघडल्या.

दर रविवारी फोनवर नवसाकडूनही ते वाक्य म्हणवून घेणार आहे. तिला साखर आहे, रक्तदाब आहे, आणि दुखलं तरी बोलायची नाही ती. तू बायकोचे डबे ऐकतोस, तिला कधी ऐकतोस कोण जाणे. एक मात्र सांगते, लोक हसले म्हणून पुढच्या वेळी मागे राहू नकोस. मी रागावले होते ते दातांसाठी, गाडीसाठी नाही.

आहेस तसाच राहा, आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी ताई,
विठाबाई

*

सिन्नर,
१९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप ताईस,
पुंजारामचा सा. न. वि. वि.

नवसा काल रुग्णालयातून घरी आली. फोनवर तुला तुटक सांगत होतो, आता नीट लिहितो.

त्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा नवसा पोळ्या करायला बसायची होती. सकाळपासून ती गप्प होती. आदल्या दिवशी बाजारातून तिची मेथी आणायची विसरलो होतो, त्याचाच राग असेल असं मी धरलं. आमच्याकडे राग असाच असतो, भांडं जोरात ठेवायचं आणि बोलायचं नाही. मी फोन तिच्या कानाला लावला आणि गमतीनं म्हणालो की घे, तुझी शेपूची परीक्षा. तिच्या तोंडून शब्द आले ते सगळे एकमेकांत घोळलेले. मी तरी हसलोच. पलीकडून तू ओरडलीस तेव्हा फोन हातातून पडायचा राहिला. तिचे हात वर कर म्हणालीस. डावा वर राहिला, उजवा चादर निसटावी तसा खाली आला.

खरं सांगतो, गाडीचा नंबर दाबताना एकदा दातांची वाटी डोळ्यांपुढं आली. पण नवसाचे दात तिचे स्वतःचे आहेत. त्यांनी सांगितलं की तुम्ही निघा, आम्हीही निघतो, वाटेत गाठू. शेडमधल्या पोरांनी तिला आपल्या गाडीत मागं निजवलं. शिंदे गावाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला ती पांढरी गाडी उभी दिसली आणि माझा जीव थोडा भांड्यात पडला. चार पाय टेकवून गाडी स्थिर केली. ते पाय मी बसवलेले, पण त्या वेळी ते कुणी बसवले हे आठवलंसुद्धा नाही. रोहिणी सिस्टरनं मला खाली उतरवलं, म्हणाली बाबा, तुम्ही हललात की फोटो हलतो. बाजूनं टोमॅटोचे टेम्पो धडधडत जात होते आणि मी पत्र्याला कान लावून उभा. आतून काहीच ऐकू येईना. आयुष्यात मला शांततेची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

मोठ्या डॉक्टरीणबाई रुग्णालयातून पडद्यावर बघत होत्या. गुठळी आहे, रक्तस्राव नाही, असं ठरलं आणि इंजेक्शन तिथंच रस्त्याकडेला दिलं. संध्याकाळी तिनं उजवी बोटं हलवली. तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं की मेथी आणली का. वाक्य हळू होतं, पण पुरं होतं.

आता तू म्हणशील, ओळखलं मी. कबूल, श्रेय तुझं. तरी एवढं सांगतो, शंका मलाही आली होती. तुझा फोन आला म्हणून क्षणभर थांबलो, नाहीतर पुढच्या मिनिटाला माझ्या कानांनी पकडलंच असतं. शेडमध्येही सगळ्यांना मी तसंच सांगितलंय.

नवसाच्या वाट्याचा नमस्कारही माझ्यात मोजून घे, आणि आम्हा दोघांना तुझ्या मायेत ठेव.

तुझा,
पुंजाराम

*

देवळाली कॅम्प,
२६ डिसेंबर २०२४

चि. पुंजारामास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून नळावर गेले आणि सगळ्यांना सांगितलं. चिमणाबाई रडली, मग म्हणाली की त्या दातांच्या वाटीला हळदीकुंकू लावा. मी लावलं नाही, पण वाटी घासून लखलखीत केली. रोहिणी सिस्टरसाठी डिंकाचे लाडू केलेत, तू नेऊन दे. या वेळी घेतील.

शंका तुलाही आली होती म्हणतोस. बरं, आली असेल. शेडमध्ये सांग, पोरांना तेवढंच. माझं काय जातंय?

नवसाला डॉक्टरांनी रोज चार ओळी लिहायला सांगितलंय ना, हाताला वळण यावं म्हणून? मग त्या मला लिहू दे. तू मधे मधे सांगू नकोस काय लिहायचं ते. अक्षर वाकडं असलं तरी चालेल. मला तिचं ऐकायचंय.

मेथी आणत जा.

तुझी ताई,
विठाबाई

*

सिन्नर,
६ जानेवारी २०२५

ताईंना,
नवसाचा नमस्कार.

अक्षर वाकडं आहे. राग मानू नका. हात रोज थोडा थोडा ऐकतो. काल एक पोळी लाटली, नकाशासारखी झाली. ह्यांनी ती मुद्दाम मागून खाल्ली.

शेपूचं वाक्य आता न अडखळता येतं. सकाळी आरशापुढं म्हणते, हात वर करते. हे दारात उभं राहून बघतात आणि स्वतःपण करतात. मेथी रोज येते. इतकी येते की कंटाळा आला.

तुमचे उपकार म्हणणार नाही, तुम्ही रागवाल. संक्रांतीला या. तिळगूळ मी वळणार आहे, लहान मोठे होतील.

शेडमधली पोरं घरी येतात आणि ह्यांच्या कानांचं कौतुक करतात. मी काही बोलत नाही. तुम्ही मला ऐकायचंय म्हणून लिहिलं होतं, म्हणून तुम्हाला सांगते. त्या सकाळी जीभ जड झाली तेव्हा मी ह्यांना दोनदा हाक मारली होती. हे बाहेरच्या खुर्चीवर होते.

तुमची,
नवसा