ह्यांच्या आवडीची बिअर

४ जानेवारी २००७, गुरुवार
शेड आवरली. कुंड्यांमागे पांढरी मोठी बादली सापडली. घरी बिअर करायला वापरतात तसली. झाकणावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. ह्यांनी कधी आणली? मला बोलले नाहीत.

२४ फेब्रुवारीला वर्षश्राद्ध. पानात त्यांच्या आवडीचं सगळं वाढायचंय. अळूवडी, वाटली डाळ — ते मला पाठ आहे. पण तीस वर्षं दर गुरुवारी शेजारच्या रॉनबरोबर पबमध्ये जायचे, तिथे काय घ्यायचे ते कधी विचारलं नाही. घरात मी चालू दिलं नसतं.

६ जानेवारी
लीड्समध्ये या सामानाचं एक दुकान आहे. तिथे तीन प्रकारच्या बिअरच्या पाकाचे डबे — लागर, बिटर, स्टाउट. दुकानदार म्हणाले, पहिल्यांदाच करताय तर लागर नको, तिला बरेच आठवडे थंडीत ठेवावं लागतं. स्टाउट काळी, चुका झाकते. बिटर मधली. "तुम्हाला कुठली आवडते?" मी कधी चाखली नाही म्हटल्यावर ते जरा वेळ डबेच नीट लावत बसले.

काही न घेता परत.

७ जानेवारी
कुंपणापाशी रॉनला विचारलं. "पॅडी? बिटर. दोघंही बिटरच मागवायचो." पद्माकरचं पॅडी केलेलं मला कधी आवडलं नाही. असो. बिटर ठरली.

१३ जानेवारी
केली. भांडी, नळी, चमचा — सगळं निर्जंतुक. शाळेच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली, तेवढं येतं. डब्यातला काळा पाक, साखर, पाणी, वरून यीस्ट. घर गार. म्हणून इडलीच्या पिठाचं करते तसंच केलं — बादली ब्लँकेटमध्ये गुंडाळून गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात.

१४ जानेवारी
फसफसतंय. पुण्याहून मधुमतीवन्संचा फोन. "वहिनी, श्राद्धाला दारू? शिकरण करा. दादा त्यावर जगायचा." शिकरणही करीन म्हटलं.

१६ जानेवारी
ब्रिस्टलहून अनुयाचा फोन, तिच्या मोडक्या मराठीत. "आई, तू बिअर बनवते? बाबाच्यासाठी?" मग, "माझा सुट्टी मी घेतली. मी येते."

२० जानेवारी
केळ्यासारखा वास येतोय. दुकानात फोन केला. "ठेवलीत कुठे?" सांगितलं. ते हसले नाहीत. "अठरा-वीस डिग्री पुरे होती. तुमच्या कपाटात तीस असेल. वाया नाही गेली, पण वास राहणार."

दुसरी करायला वेळ नाही. बाटल्या भरून टाकल्या.

१७ फेब्रुवारी
रॉनला पुढच्या शनिवारचं जेवणाचं सांगायला गेले. बिअरचंही सांगितलं.

"सुप्रभा, बिटर मागवायचो खरं, पण पॅडीला ती आवडायची नाही. अर्धा ग्लास घ्यायचा, त्यातली निम्मी माझ्याकडे सरकवायचा. कडू लागते म्हणायचा. स्टाउटही पाहिली, लागरही. एकही जमेना, म्हणून बादली आणली. म्हणाला, स्वतःच करून बघतो."

मग जायचे कशाला, विचारलं.

"बोलायला."

घरात ते फारसं बोलत नसत. मीही नाही.

चाळीस बाटल्या. आणि त्यांच्या आवडीची एकही नाही.

२१ फेब्रुवारी
अळूची पानं मिळाली. बाटल्या शेडमध्ये नेऊन ठेवल्या.

२४ फेब्रुवारी
झालं सगळं. शेवटी एक बाटली आणलीच. ह्यांच्या पानाशी शिकरणाची वाटी, शेजारी ग्लास. जेवणं झाल्यावर रॉनने त्यातला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "केळं? ही कसली बिटर?" मग वाटीकडे बघितलं. अनुयाने त्याला शिकरण म्हणजे काय ते सांगितलं. त्याने आणखी एक घोट घेतला.

"ही त्याने माझ्याकडे सरकवली नसती."

उरलेला ग्लास त्याने माझ्याकडे सरकवला. मी संपवला.