गौताळ्यात नवरंग दिसला

रविवार, घरी आल्या आल्या

अजून अंगावर काटा आहे. नवरंग पक्ष्याची घरटी शोधायला आज मी आणि पक्षीवेड्या नसरीनआपा कन्नड गावाकडच्या गौताळ्याच्या जंगलात गेलो होतो. दमून खाली बसलो, तर समोरच तो उतरला. चोचीत वाळलेलं पान, त्याच्या डोक्याहून मोठं! मी फोन काढला. आपांनी मनगट धरलं.

"हलू नको गं, घरटं टाकून जाईल."

फोटो नाही तर कोण खरं मानणार? तरी हात खाली घेतला. माझ्या बुटाला वळसा घालून त्यानं ते पान शेजारच्याच झुडपात खोचलं. म्हणजे आम्ही घरट्याला खेटूनच बसलो होतो?

तो उडाल्यावर अलगद मागं सरकलो. आपांचे डोळे भरले होते.

"इतकी वर्षं नुसती शीळच ऐकली होती," म्हणाल्या.