समैस्माच्या जिन्याचा जोड

मी, मच्छिंद्र देवराम खैरनार, वय ५७, मूळ गाव सिन्नर, सध्या राहणार फरीज बिन ओमरान, दोहा, वेल्डिंग सुपरवायझर, हे कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. कानांची हमी मात्र देत नाही. बंद मशीनमधून वायर सरकल्याचा आवाज मला भर दुपारी ऐकू येतो.

१. नाशिकचा फ्लॅट व बँकेतली शिल्लक पत्नी शोभाला. यात भावांनी तोंड घालू नये.

२. गॅसवर चालणारे छोटे मिग वेल्डिंग मशीन पुतण्या अभिजितला. पातळ पत्रा, खिडक्यांच्या जाळ्या, बंद शेडमधले काम यांसाठी उत्तम. जोड सुबक येतो. उघड्यावर वाऱ्यात चालवू नये. जोड झाकणारा गॅस उडून जातो आणि जोड आतून पोकळ राहतो.

३. फ्लक्स वायरचे मोठे मशीन मुनीरा इलियास शेख, मालेगाव, यांना. ते धूर फार करते, जोडावरची खपली ठोकून काढावी लागते, पण वाऱ्यातही जाड लोखंड पक्के धरते. नवरा गेल्यावर मुनीरा स्वतः वेल्डिंग शिकली. आता जिने, फाटके करते.

४. फेब्रुवारी २०१८. फुटबॉल विश्वचषकासाठी इथे कतारमध्ये समैस्माजवळ सराव मैदानाच्या गॅलरीचा जिना चालू होता. मुनीराचा नवरा इलियास माझ्या हाताखाली वेल्डर होता. तो म्हणाला, "साहेब, वारा लई आहे. जोडाला भोकं पडतायत. फ्लक्सचं मशीन द्या." मी म्हणालो, "उद्या पाहणी आहे, जोड साफ दिसला पाहिजे. यल्ला, उरक." आठव्या दिवशी तोच जोड सुटला. वर इलियास उभा होता.

अहवालात मी लिहिले: कारागिराची चूक. ते खोटे आहे. चूक माझी.

मालेगावला भेटायला गेलो, तेव्हा मुनीराने चहा दिला आणि विचारले, "भाऊ, चूक खरंच त्यांची होती?" मी म्हणालो, "कागदावर तसंच आहे."

५. मॅनेजर विजय यांच्यावरचा राग मी कोणालाही वारशाने देत नाही. अहवालाचा मजकूर त्यांनी सांगितला, सही मी केली.

६. माझ्या मृत्यूनंतर कलम ४ शोभाने मुनीराला वाचून दाखवावे.

साक्षीदार: अवधूत परचुरे, गार्गी परचुरे

हाताने वाढवलेला मजकूर: सही करण्याआधी अवधूतने कलम ६ वाचून विचारले, "काका, तोपर्यंत ती बाई चूक नवऱ्याचीच मानत राहणार?" कलम ६ रद्द. रविवारच्या विमानाने मी मालेगावला निघालो आहे. कलम ४ मीच वाचणार.

मच्छिंद्र खैरनार
दोहा, १४ मार्च २०१९