त्यांचा आवाज मागायला आले

९ नोव्हेंबर, नांदेड
सकाळी नळ आला नाही. दुपारी सत्यम आणि तनुजा आले, ह्यांचे जुने विद्यार्थी. तो कॉम्प्युटरला बोलायला शिकवतो, ती कॉम्प्युटरकडून चित्रं काढून घेते. ह्यांना जाऊन चार महिने झाले, आता लातूरला ह्यांच्या नावानं कार्यक्रम करायचाय म्हणाले.

तनुजा सांगत होती, "काकू, सरांनी तत्त्वज्ञानाच्या तासाला एकदा विचारलं — यंत्र चित्र काढील, पण आता पुरे, हे त्याला कोण सांगणार? त्या एका प्रश्नावर मी अजून काम करून राहिले." खरं असेल. माझ्याशी हे भाजीचं आणि गुडघ्याचं बोलायचे.

मग सत्यमनं विषय काढला. व्याख्यानांची रेकॉर्डिंग त्याच्याकडे आहेत. त्यावरून यंत्र ह्यांच्या आवाजात बोलेल, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देईल. "फक्त तुम्ही हो म्हणा." नको म्हणायचं होतं. चहा ठेवायला उठले!

११ नोव्हेंबर
वीरेश भावजींचा लातूरहून फोन. "वैनी, त्या पोराला मी हाव म्हणून टाकलं. दादाचा मान हाय ह्यो."
"मला तो आवाज ऐकवणार नाही," म्हटलं.
"मग कानात कापूस घाला की!" — हसले. मीपण हसले. कशाला हसले?

१४ नोव्हेंबर
नको कसं म्हणायचं ते दिवसभर जुळवलं. संध्याकाळी सत्यमला फोन लावला. "काकू, आवाज होतच आला! ऐकवू?" नंतर, म्हटलं आणि ठेवला.

२३ नोव्हेंबर, लातूर
हॉल भरलेला. मला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं.

आधी तनुजाची चित्रं पडद्यावर. ठिपके जमत जमत ह्यांचा चेहरा झाला. चांगलं होतं. मग चिता पेटली, ज्वाळांतून अक्षरं उडाली. मागून टाळ्या! आमच्या रांगेत कुणाचे हात हलले नाहीत. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. ह्यांना बसवून, तळहातावर इष्टलिंग ठेवून मातीत दिलं. कपाळाला विभूती मीच लावली होती. शिवम्मा आत्या मोठ्यानं म्हणाल्या, "आगं, ह्ये कुणाला जाळून राहिले?"

तनुजा रडत आली. "काकू, मी यंत्राला नुसतं अंत्यविधी म्हणाले, त्यानं हे दिलं. मलाही कळलं नाही हो." असू दे म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मग तो आवाज. "नमस्कार, मित्रहो." तेच खाकरणं, तोच 'म्हणजे असं की'. कुणीतरी विचारलं, यंत्राची कला ही कला का? उत्तर चांगलं दिलं. लोक वहीत उतरवून घेत होते. भावजींनी डोळे पुसले. उठून जावं वाटलं — पण सगळ्यांचे गुडघे ओलांडून कुठं जाणार? पदर मुठीत धरून बसले.

निघताना सत्यमनं माझ्या फोनमध्ये ते घालून दिलं. "केव्हाबी बोला, काकू." इतक्या प्रेमानं की हात मागे घेता आला नाही.

२४ नोव्हेंबर
नांदेडला परत. एसटीत शेजारची बाई विचारत होती, एकट्याच का? हो म्हटलं.

२५ नोव्हेंबर
फोन पिशवीतच आहे. आलेले फोन घेत नाही.

२९ नोव्हेंबर
आज मीच ते उघडलं. लग्नापासून घरात आम्ही दोघं कानडीच बोललो. हे बाहेरून आले की मी विचारायची तसंच विचारलं, "ऊटा आतेन्री?" — जेवलात का?

ह्यांच्याच आवाजात उत्तर आलं. "क्षमा करा, आपला प्रश्न समजला नाही. कृपया मराठीत विचाराल का?"

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. परत विचारलं. मग अजून एकदा, हळू.

फोन बंद केला. भाकरी ताकात कुस्करून जेवले.