पायडलला बांधलेली झोळी

अण्णा, तुमच्या शिलाई मशीनच्या पायडलला मी परत दोरी बांधली. दुसरं टोक झोळीला. पण ह्या झोळीत पोरगी न्हाई, काचेची बाटली हाय, आणि बाटलीतल्या खारट पाण्यात समुद्रातले जिवाणू. हसू नका. मी कॉलेजात हेच शिकले, जित्या गोष्टींपासून वस्तू बनवायच्या, माणसानं हात लावला की जाग्या होणाऱ्या. झोळी हलली की पाण्यात हवा मिसळती आणि ते जिवाणू निळे चमकतात. थांबली की हळूहळू विझतात. आष्टीचं ऊन त्यांना सोसत न्हाई, म्हणून दिवसभर बाटली ओल्या वाळूत ठेवते.

आधी मोटर लावली होती. झोळी आपोआप हलायची, उजेड एकसारखा. बघणारे विचारायचे, "सेल कुठं बसवलाय याचा?" लई चिडले मी. आणि तुमी आठवलात. आई रानात गेलेली, माझी धाकटी बहीण झोळीत, तुमी ब्लाऊज शिवताय आणि त्याच पायडलवर ती झुलतीय. कापड संपतं, तरी तुमचा पाय थांबत न्हाई. चाकावरचा पट्टा उतरवून नुसतंच पायडल मारत बसता. समोरचे पंक्चरवाले चाचा ओरडतात, "काय टेलर, आज पोरगीच शिवायलाव का?" तुमी मान वर न करता म्हणता, "हौ, काज-बटन तेवढं राहिलंय." मी खिदळते, तर माझ्यावरच डोळे वटारता, "हळू! उठंल ती." असं पोर सांभाळणारा दुसरा बाप मी आमच्या गल्लीत पाहिला न्हाई.

ती चालायला लागायच्या आधीच तुमी गेलात. तिला तुमचं काहीच आठवत न्हाई. फोटो बघून म्हणती, "तायडे, मला ह्यो माणूस पाहुणाच वाटतो गं." मोटर मी तिच्यासाठी काढली.

काल तिला बोलावलं. खिडकीला चादर लावली, मशीनवर बसवलं. तिनं पायडल दाबलं, झोळी हलली, बाटली निळी झाली. बाटलीवरची नजर न काढता ती पायडल मारतच राहिली. मग म्हणाली, "अण्णा असंच मारायचे पायडल?"

"सेम असंच."

खोटं बोलले, अण्णा. तुमचा पाय कसा संथ, एका ठेक्यात. ही धसमुसळी, मधीच हिसका देती. पण तेवढं ऐकल्यावर ती मशीनवरून उठायलाच तयार होईना. ही चिठ्ठी तुमाला कुठं धाडू, म्हणून मशीनच्या खणात ठेवते. तिला मात्र सांगू नका.