सोवळ्यातले हात

जयनगर, बेंगळूर
१२ जून १९९६

ती. वसुमतीवन्सं यांना,
सुचेताचा सा. न. वि. वि.

सिद्धीचं पोट पुन्हा बिघडलंय. महिन्यात तिसऱ्यांदा! दोन वर्षांची पोर, फ्रॉक अंगावर नुसता लोंबतोय. भरवण्याआधी साबणाने हात धुवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण सासूबाईंना, म्हणजे तुमच्या आईंना, कोण सांगणार? साबणात चरबी असते, सोवळ्यात चालत नाही, म्हणून नुसतं पाणी हातावर घेतात आणि वरणभात कालवतात. बोलले, तर म्हणाल्या, मी दोन मुलं वाढवली ती काय हवेवर? अगदी वैताग आलाय.

मी दिवसभर बोम्मसंद्र्याच्या ऑफिसात आणि जीव घरी. संध्याकाळी बसमधून उतरून येते, तेव्हा सिद्धी दारातच वाट बघत असते. तिथेच तिला इथलं छोटं इलक्की केळं भरवते. तेवढंच ती आवडीने खाते. तुमच्या भावाचं आईपुढे तोंड उघडत नाही. आता तुम्हीच काहीतरी करा.

रागावलात तरी माया असू द्या.
सुचेता

पुणे
१९ जून

चि. सौ. सुचेतास अ. उ. आ.

आईशी साबणावरून भांडणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. अगं, रिठे सोवळ्यात चालतात! दागिने त्यांनीच धुते ती. किलोभर पाठवते आहे. पाणी करून मोरीत ठेव. आणि हात धुण्याचा नियम घरात सगळ्यांना लाव, म्हणजे तिला एकटीला टोचणार नाही.

पोरीला माझा पापा.
वसुमती

बेंगळूर
१२ जुलै

ती. वन्संना सा. न.

रिठे लागू पडले. आई कोपरापर्यंत फेस काढतात, नखंसुद्धा घासतात. तरी शनिवारी सिद्धीला सलाइन लावावं लागलं. दवाखान्यातच मी आईंना नको ते बोलले.

घरी आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, बसचा दांडा धरलेल्या हातांनी तू केळं सोलतेस आणि तशीच भरवतेस. दिवसात तेवढीच ती तुला भेटते, म्हणून माझी जीभ रेटली नाही.

महिनाभर मी त्यांच्याच हातांकडे बघत होते, वन्सं. लाज वाटते.

आता आल्या आल्या मोरीकडे पळते. सिद्धी दारात भोकाड पसरते. काल आई स्वयंपाकाच्या सोवळ्यात होत्या. तशाच आल्या, तिला कडेवर घेतलं आणि साबणाची वडी स्वतः उचलून माझ्या हातावर ठेवली.

लोभ मागायला तोंड नाही, तरी ठेवा.
सुचेता